मनपाला हवामानाचा जाब विचारायचा, म्हणजे नेमकं काय करायचं?

मे महिन्यात नागपुरात कुणाला हवामान बदल समजावून सांगायची गरज पडत नाही. नवतपा लागला की भर दुपारी बर्डीवर चिटपाखरू दिसत नाही आणि रात्री दोन वाजतासुद्धा कूलर गरमच हवा फेकतो. २३ मे २०१३ ला इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. याच शहराने २३ सप्टेंबर २०२३ ची पहाटही पाहिली आहे. चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने पात्र सोडलं आणि डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी भागातली माणसं झोपेतून उठली ती थेट पाण्यात. मोरभवनच्या स्थानकात उभ्या बसगाड्या बुडाल्या. माणसं दगावली.

इथवर सगळ्यांना कळतं. गोंधळ होतो तो पुढे. ‘हवामान कृती आराखडा’, ‘नेट झिरो’, ‘रेस टू झिरो’ असले शब्द पेपरात येतात, संविधान चौकात चार तरुण फलक घेऊन उभे राहतात, कुणी माहिती अधिकारात अर्ज टाकतो, कुणी हायकोर्टात जातो. आणि पानठेल्यावरचा प्रश्न साधा असतो: पृथ्वी तापली तर त्यात महानगरपालिका काय करणार बाप्पा? तिला नाल्या साफ करता येईना!

माझं म्हणणं असं की उत्तर त्या प्रश्नातच आहे. नाल्या साफ होणं हेच शहरापुरतं हवामानाचं काम आहे, निदान त्याचा मोठा भाग. ते कसं, आणि त्याचा हिशेब सामान्य माणसाला कसा मागता येतो, ते पाहू.

## आधी दोन संज्ञा, मग साधी भाषा

हवामानाच्या कामाचे दोन भाग पडतात. पहिला भाग ‘शमन’, म्हणजे वातावरणात जाणारा कार्बन डायऑक्साइड, मिथेन वगैरे वायू कमी करणं. दुसरा ‘अनुकूलन’, म्हणजे जी उष्णता आणि जो पाऊस आता येणारच आहे, त्यात माणसं मरणार नाहीत आणि घरं बुडणार नाहीत अशी तजवीज करणं. यापुढे मी पहिल्याला धूर कमी करणं आणि दुसऱ्याला बचाव म्हणेन. ‘नेट झिरो’ हा पहिल्या भागाचा शेवटचा टप्पा: जितके वायू सोडायचे तितकेच झाडं, माती वगैरेंनी शोषून घ्यायचे, म्हणजे वजाबाकी शून्य. भारताने त्यासाठी २०७० साल जाहीर केलं आहे.

धूर कमी करण्यात दिल्लीतल्या आणि मुंबईतल्या सरकारांचा वाटा मोठा, मनपाचा लहान. बचावात मात्र उलट आहे. पाऊस कुणाच्या अंगणात शिरणार, कुठल्या वस्तीत रात्री भिंती तापलेल्या राहणार, हे बहुतांशी मनपाच्या इंजिनिअरच्या नकाशावर ठरतं. त्यामुळे ‘हवामान हा मोठ्या लोकांचा विषय’ असं म्हटलं की मनपाला फार सोयीचं होतं.

## मनपाचा संबंध कुठे येतो?

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या स्थानिक संस्थांना राज्यघटनेत जागा मिळाली. त्यासोबत बारावी अनुसूची आली, तिच्यात अठरा कामांची यादी आहे. नगररचना, रस्ते, पाणी, घनकचरा तर त्यात आहेतच, पण नागरी वनीकरण आणि पर्यावरणाचं संरक्षण हेही त्याच यादीत आहे.

कागद बाजूला ठेवून एखाद्या जुन्या वस्तीत जाऊ. गल्लीत सिमेंट रोड झाला आहे. तो करताना जुना डांबरी थर पुरेसा खोदला नाही, म्हणून रोडची लेव्हल घराच्या ओट्याच्या वर गेली. दोन्ही बाजूंना गट्टू (सिमेंटचे ठोकळे) बसवले ते थेट कडुनिंबाच्या बुंध्याला टेकवून, आळ्यापुरतीही माती सोडली नाही. पावसाळी नाली केली, पण तिचं तोंड रोडपेक्षा वर राहिलं, म्हणून पाणी नालीत न जाता फाटकातून आत येतं. उन्हाळ्यात हाच सिमेंटचा पट्टा दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ओकतो. शहराचा मधला भाग आजूबाजूच्या शेतशिवारापेक्षा रात्री जास्त गरम राहतो, त्याला अशा पृष्ठभागांचा मोठा हातभार असतो. आता या गल्लीतल्या माणसाला पूर आणि उष्णता या दोन्ही गोष्टी कुणी दिल्या? ढगाने आणि सूर्याने, हे खरं. पण त्या घरापर्यंत पोचवल्या त्या अंदाजपत्रकाने, निविदेने आणि सही करणाऱ्याने.

भांडेवाडीचं, म्हणजे शहराच्या कचरा डेपोचंही तसंच. ओला कचरा वेगळा न करता ढिगात पडला की हवेविना कुजतो आणि मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात एक टन मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो. उन्हाळ्यात तिथे आगी लागतात तेव्हा धूर पूर्व नागपूरच्या नाकात जातो, तो वेगळाच. कचरा उचलणं, वेगळा करणं, जुना ढीग उपसणं ही पूर्णपणे मनपाची कामं आहेत, केंद्राकडे बोट दाखवायला तिथे जागा नाही.

बांधकामाची परवानगीही मनपाच देते (शहराच्या काही भागांत नासुप्र, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास, ते जुनं त्रांगडं वेगळं). राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमांत ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला पावसाचं पाणी मुरवण्याची सोय सक्तीची आहे. नियम कागदावर चांगला आहे. इमारतीला वापर परवाना देताना तो खड्डा कुणी जाऊन पाहिला का, एवढाच प्रश्न.

## घोषणा झाली म्हणजे काम झालं का?

लग्नाचं पाहा. सुपारी फुटली की घरात आनंद असतो, पण मावशी लगेच विचारते: तारीख काढली का? हॉल मिळाला का? ॲडव्हान्स कुणी दिला? आचारी कोण? या चार प्रश्नांची उत्तरं नसतील तर सगळ्यांना कळतं की लग्न अजून बोलण्यातच आहे. मनपाच्या हवामान घोषणांना हेच चार प्रश्न विचारायचे. मुदत कोणती, अंदाजपत्रकातलं लेखाशीर्ष (खर्चाचं खातं) कोणतं, किती रक्कम खर्च झाली आणि जबाबदार अधिकारी कोण.

घोषणांची कमी नाही. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये केंद्राच्या ‘अमृत’ या शहर योजनेतली ४३ शहरं ‘रेस टू झिरो’ या जागतिक मोहिमेत उतरवत असल्याचं जाहीर केलं. नागपूर अमृत शहर, म्हणून तेही त्यात. या मोहिमेत उतरणारा उशिरात उशिरा २०५० पर्यंत नेट झिरो होण्याचं कबूल करतो. म्हणजे देशाच्या २०७० च्या मुदतीपेक्षा वीस वर्षं आधी! आपल्या शहराने एवढी मोठी उडी घ्यायची ठरवली आहे, हे चौकात विचारलं तर किती जणांना माहीत असेल?

त्यामानाने उष्माघाताचा आराखडा जमिनीवर दिसतो. अहमदाबादने २०१३ मध्ये देशात पहिला असा आराखडा केला आणि त्याच धर्तीवर नागपूरचा २०१६ मध्ये तयार झाला. तीव्र उन्हाचा इशारा आला की दवाखान्यांत सोय, दुपारी बागा उघड्या, काही सिग्नल दुपारी बंद, चौकात हिरव्या जाळ्या, प्याऊ. हे होतं आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. पण जाळी हा तात्पुरता उपाय झाला. सिग्नलला नव्वद सेकंद सावली मिळाली, पण टिनाच्या छताखाली राहणाऱ्या बाईच्या रात्रीचं काय, हा पुढचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर आरोग्य विभागाकडे नाही, ते नगररचना आणि उद्यान विभागाकडे आहे.

मुंबईने मार्च २०२२ मध्ये स्वतःचा हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि जून २०२४ मध्ये ‘हवामान अंदाजपत्रक’ नावाचा अहवाल काढला. यात वेगळा पैसा नसतो. आहे त्याच अंदाजपत्रकातल्या कुठल्या खर्चाने धूर कमी होतो किंवा बचाव होतो, त्यावर खूण केलेली असते. ही खूण करण्यात पळवाटाही असतात, साधा रस्ताही ‘हरित’ म्हणून खपवता येतो. तरी खूण असली की निदान वाद घालता येतो.

ब्रिटनमध्ये २०१८ च्या नोव्हेंबरात ब्रिस्टल शहराच्या कौन्सिलने ‘हवामान आणीबाणी’ जाहीर केली आणि मग शेकडो कौन्सिलांनी री ओढली. तिथल्या नागरिकांनी जल्लोष करून घरी न जाता प्रगतिपुस्तकं काढली. स्वयंसेवकांनी प्रत्येक कौन्सिलचे कागद वाचले, माहिती अधिकाराचे अर्ज टाकले, गुण दिले आणि जाहीर करण्याआधी कौन्सिलला आपली बाजू मांडायची संधीही दिली. ती शेवटची गोष्ट आपल्याकडच्या कार्यकर्त्यांनी उचलण्यासारखी आहे. चुकीचा आकडा घेऊन पत्रकार परिषद घेतली की पुढची दोन वर्षं कुणी ऐकत नाही.

## कायद्याने आधीच दिलेलं हत्यार

नवीन आराखड्याची वाट पाहत बसायचं कारण नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ६७-अ सांगतं की आयुक्ताने दरवर्षी ३१ जुलैपूर्वी मागच्या आर्थिक वर्षाचा पर्यावरण स्थिती अहवाल मनपासमोर ठेवला पाहिजे. म्हणजे हवा, पाणी, झाडं, कचरा यांचा वार्षिक ताळेबंद. नागपुरात तर वर्धा रोडवर ‘नीरी’सारखी पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था बसली आहे, अहवाल बनवायला माणसं शोधत फिरावं लागत नाही. नागरिकाने दोन गोष्टी पाहायच्या. अहवाल वेळेत सभागृहात आला का, आणि त्यावर चर्चा झाली का की ‘मंजूर, मंजूर’ म्हणत पुढचा विषय घेतला. मग तीन-चार वर्षांचे अहवाल शेजारी ठेवायचे. एखाद्या वर्षी शिफारस आली की ‘नदीकाठी झाडं लावावीत’ आणि पुढच्या तिन्ही अहवालांत शब्द न बदलता तीच शिफारस आली, तर तुम्हाला बातमी सापडली.

दुसरं हत्यार झाडांच्या कायद्याचं. १९७५ चा महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण कायदा २०२१ मध्ये बदलला. पन्नास वर्षं आणि त्याहून जास्त वयाच्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ म्हटलं गेलं. झाड तोडायचंच झालं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची, म्हणजे साठ वर्षांच्या चिंचेसाठी साठ रोपं. मोठ्या संख्येने, दोनशे आणि त्याहून जास्त झाडं तोडायची तर विषय राज्याच्या वृक्ष प्राधिकरणाकडे जाईल, असंही त्या बदलात ठरलं. आणि तोडण्याआधी जाहीर नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात. ही नोटीस पेपरात आतल्या पानावर, बारीक अक्षरात येते आणि मुदत थोडकी असते. झाडांसाठी काम करणारी मंडळी रोज सकाळी आधी त्या पानावर नजर टाकतात, मग राजकारणाच्या बातम्या वाचतात.

अजनीचं प्रकरण याच वाटेने गेलं. रेल्वे वसाहतीच्या जागेवर इंटरमोडल स्टेशन (रेल्वे, बस वगैरे एकाच ठिकाणी) करायचं ठरलं आणि त्यासाठी हजारो झाडं जाणार होती. लोकांनी नुसतं झाडांना मिठ्या मारून फोटो काढले नाहीत. नोटिशीतली झाडांची संख्या खरी आहे का इथपासून वाद घातला, हरकतींचा पाऊस पाडला, ‘अजनी वन’ हे नाव शहराच्या तोंडी बसवलं आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं. तिथे वृक्षतोडीला स्थगिती मिळाली आणि तो आराखडा त्या स्वरूपात पुढे सरकला नाही. कायद्याने झाडांची गणना दर पाच वर्षांनी व्हायला हवी. नागपुरात २०११ च्या गणनेत २१ लाखांवर झाडं मोजली होती. आज एखादा अधिकारी ‘शहराचं हरित आच्छादन वाढलं’ म्हणाला, तर कोणत्या वर्षीच्या, कोणत्या मोजणीशी ताडून पाहिलं, एवढं विचारलं तरी पुरे.

## अर्ज कसा करायचा?

माहिती अधिकार, २००५. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज १५० शब्दांचा आणि एकाच विषयावरचा असावा लागतो, आणि बरेच हौशी अर्ज इथेच गळतात. ‘मनपाने हवामान बदलाबाबत काय उपाययोजना केल्या?’ असं विचारलं की गोल गोल उत्तर येतं, किंवा ‘माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही’. कागद मागावा. ‘प्रभाग अमुक, गल्ली तमुक इथल्या पावसाळी नालीच्या कामाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी आणि अंतिम देयक यांच्या प्रती.’ संपलं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, तिथेही काही झालं नाही तर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाचं खंडपीठ नागपुरातच आहे, मुंबईला जावं लागत नाही. दोषी माहिती अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे, जास्तीत जास्त २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. आयोगाकडे तुंबलेल्या अपिलांचा ढीग मोठा आहे, हेही खरं.

अर्जापेक्षा सरस वाट फार कमी जण वापरतात. २०१८ मध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढलं की स्थानिक संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत. आपल्या झोनच्या कार्यालयात, मग ते धरमपेठ असो की आशीनगर की सतरंजीपुरा, जाऊन फाईल मागायची. सुरुवातीला ‘साहेब नाहीत’ होतं, चहा येतो, मग फाईल येते. वर टिपणीची पानं, खाली अंदाजपत्रक, निविदा, कार्यादेश आणि शेवटी मोजमाप पुस्तिका, जिला कंत्राटदारापासून कार्यकारी अभियंत्यापर्यंत सगळे ‘एमबी’ म्हणतात. झालेल्या कामाची लांबी, रुंदी, खोली तिच्यात लिहिलेली असते आणि तिच्याच आधारे बिल निघतं. समजा नालीची खोली तिथे ०.९० मीटर लिहिली आहे. टेप घेऊन गल्लीत जा, झाकण उचला, मोजा, टेपसकट फोटो काढा. साठ सेंटिमीटर भरली तर तुमच्या हातात एक ठोस मुद्दा आला, ज्याला ‘हवामान बदल ही जागतिक समस्या आहे’ हे उत्तर चालत नाही.

हवामान कार्यकर्ता म्हटलं की डोळ्यांसमोर फलक घेतलेली पोरं येतात. मला मात्र एमबीत बोट घालून उभा असलेला निवृत्त ओव्हरसियर जास्त उपयोगाचा वाटतो. त्याला कलमं नीट येत नसतील, पण स्लोप कळतो. दोघांची गाठ पडली की मनपाची पंचाईत होते.

## “मनपाकडे पैसाच नाही”

नागपूर मनपाचं वार्षिक अंदाजपत्रक आजकाल पाच हजार कोटींच्या वर जातं. त्यातले मोठे आकडे शासनाच्या अनुदानावर अवलंबून असतात आणि पगार, पेन्शन, जुनी देणी जाऊन हातात फार उरत नाही, हा युक्तिवाद खोटा नाही. पण हवामानाचं काम म्हणजे सगळं वेगळं आणि जास्तीचं, ही समजूत चुकीची आहे. सिमेंट रोड होणारच आहे, तर त्याची लेव्हल नीट ठेवायला किती जास्त लागतात? झाडाभोवती मीटरभर माती सोडायला तर गट्टू कमीच लागतात.

शिवाय विशिष्ट कामासाठी आलेला पैसाही असतो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, त्याच्या यादीत नागपूर आहे. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवरच्या शहरांना हवेसाठी वेगळं अनुदान ठेवलं. नाग नदीच्या प्रदूषण निर्मूलनाला सुमारे १,९२७ कोटींची मंजुरी मिळाली. अशा वेळी ‘पैसा नाही’ हे उत्तर घेऊन परत फिरू नये. आलेला किती, खर्चला किती, कशावर, हे विचारावं.

आणि कायद्याचं म्हणाल तर १९८० सालचा रतलाम नगरपालिकेचा निकाल आहे. तिथल्या एका वस्तीत उघडी गटारं आणि घाण, लोक न्यायालयात गेले, नगरपालिका म्हणाली आमच्याकडे निधी नाही. सर्वोच्च न्यायालयाने ठणकावलं की पैशाची अडचण सांगून नगरपालिकेला मूलभूत कर्तव्यातून सुटता येणार नाही. पंचेचाळीस वर्षं होऊन गेली, निकाल आजही शिळा झालेला नाही.

## “कोराडी धूर सोडत असताना झाडं मोजून काय होणार?”

हा आक्षेप प्रामाणिक आहे. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक केंद्रं आहेत, आणि कोराडीत ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच आणायच्या प्रस्तावावर २०२३ मध्ये जनसुनावणीही झाली. त्या केंद्रांच्या धुरापुढे मनपाच्या पथदिव्यांची आणि गाड्यांची बचत किरकोळ दिसते. आणि त्या चिमण्यांची दोरी मनपाच्या हातात नाही, ती महानिर्मिती (राज्याची वीजनिर्मिती कंपनी), प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडे आहे.

म्हणून प्रश्न ज्याचा त्याला विचारायचा. कोराडीचा मनपाला विचारला तर तिला हात झटकायची आयती संधी मिळते. मनपाला तिचा विचारायचा. एक दुवा मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध केलेलं शहराचं सांडपाणी कोराडीला दिलं जातं, म्हणजे तेवढं ताजं पाणी वाचतं. देशात फार कमी शहरांनी एवढ्या प्रमाणावर हे केलं आहे. मनपाला जाब विचारणाऱ्याने असली चांगली कामंही पाठ असू द्यावीत. समोरच्या अधिकाऱ्याला कळतं की हा माणूस फक्त शिव्या द्यायला आलेला नाही.

## “हे लोक विकासाच्या आड येतात”

अंबाझरीच्या पुरानंतर विकास कुणाच्या आड आला हे विचारायला हवं. पूरग्रस्त रहिवासी उच्च न्यायालयात गेले तेव्हा सांडव्याजवळच्या पुतळ्याच्या जागेपासून दीडशे वर्षं जुन्या बांधाच्या मजबुतीपर्यंत आणि नदीपात्रातल्या अडथळ्यांपर्यंत सगळे विषय निघाले. हे रहिवासी कुणी व्यावसायिक आंदोलक नव्हते. ज्यांचे फ्रिज, सोफे, गाड्या चिखलात गेल्या अशी साधी माणसं होती. त्यांची मागणी पूल पाडा, रस्ते थांबवा अशी नव्हती, पाण्याला जायला वाट द्या एवढीच होती.

मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात म्हटलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकाला हक्क आहे, आणि तो घटनेच्या १४ व्या आणि २१ व्या अनुच्छेदांतून येतो. निकाल राजस्थान-गुजरातमधल्या विजेच्या तारांबद्दल होता, पण हे वाक्य देशभर लागू पडतं. उद्या कुणी नागपुरातल्या टिनाच्या घरांतली उष्णता घेऊन न्यायालयात गेलं तर त्याच्या पायाखाली ही जमीन आहे. तरी न्यायालय ही शेवटची पायरी असावी असं मला वाटतं. एक याचिका चार-चार वर्षं चालते, आणि ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ म्हणून मनपा त्या काळात हातावर हात ठेवून बसते.

## आकड्यावर भरवसा कसा ठेवायचा?

मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. मोबाइलवरून तो आकडा देशभर फिरला. हवामान खात्याने नंतर सांगितलं की सेन्सर बिघडला होता. ज्यांनी तो आकडा फलकावर लिहून मोर्चा काढला असता, त्यांची काय शोभा झाली असती! ४५ अंशांत माणूस मरतो, तिथे ५६ ची गरजच नाही. शिवाय हवामान खात्याचं तापमान सावलीतल्या पेटीत मोजलेलं असतं. डांबरावर ठेवलेल्या थर्मामीटरचा आकडा त्याच्याशी ताडायचा नसतो. हवेचंही असंच: सिव्हिल लाइन्सच्या झाडीतल्या यंत्राचा आकडा भांडेवाडीच्या माणसाला लागू पडत नाही, म्हणून कोणत्या केंद्राचा, कोणत्या महिन्याचा, हे लिहिल्याशिवाय आकडा वापरू नये.

## नगरसेवकाचं काम काय?

मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं प्रशासकाने कारभार केला. त्या काळात आयुक्तच प्रस्ताव मांडणार आणि आयुक्तच मंजूर करणार, विचारायचं कुणाला? जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर ३८ प्रभागांतून १५१ नगरसेवक परत आले आहेत. सभागृहात प्रश्न विचारायचा अधिकार त्यांना आहे आणि त्याला प्रशासनाला उत्तर द्यावं लागतं. नगरसेवकाला हवामानावर भाषण देऊ नये, तो कंटाळतो. त्याला एमबीची प्रत आणि टेपचा फोटो द्यावा. विरोधी बाकावरचा असेल तर त्याच संध्याकाळी फोन येईल, सत्ताधारी असेल तर थोडा वेळ लागेल.

कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभाही आहे, म्हणजे शहरातली ग्रामसभा म्हणा ना. आपल्या भागातल्या कामांचा प्राधान्यक्रम मतदारांनी बसून ठरवायचा. तुमच्या वस्तीत ती कधी भरलेली आठवते का, शेजाऱ्याला विचारून बघा. ती भरवण्याची लेखी मागणी करायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि एवढं सगळं करून पोस्टाने एक ओळीचं उत्तर येतं: ‘सदर माहिती निरंक आहे.’ नवखा माणूस तो कागद चुरगाळून फेकतो. फेकू नका. ‘मागील तीन वर्षांत वापर परवाना देताना पावसाचं पाणी मुरवण्याच्या सोयीची स्थळपाहणी केल्याचे अहवाल द्या’ या मागणीला निरंक उत्तर आलं, तर कायद्याने करायची तपासणी झाल्याचा एकही कागद कार्यालयात नाही, हे मनपाने स्वतःच्या सही-शिक्क्यानिशी कबूल केलं आहे. त्याच्या चार झेरॉक्स काढा. एक पहिल्या अपिलाला, एक प्रभागाच्या नगरसेवकाला, एक आयुक्तांच्या आवक-जावक विभागात पोच घेऊन, आणि एक आपल्या फाईलला.